शून्य मजुरांचं भात

बारा जून, बुधवार. रक्कम अकरा हजार रुपये, वरच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं, आगाऊ. हजर मी, माझी पत्नी आणि ती मुलगी. पैसे मी मोजून घेतले आणि पावती दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि किंचित वाकली. त्यांच्या देशात मोठ्या माणसाकडून काही घेताना तसं करतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, भाड्याच्या पावतीचा इतका मान ठेवणारं माणूस आपल्या घरी पहिल्यांदाच आलं.

मुलगी व्हिएतनामची, वय सत्तावीस. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि प्रबंधाच्या कामासाठी मुळशीत आली होती. पुण्यात संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी तिला आमच्याकडे पाठवलं. आमचा मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. परदेशी माणूस घरात उतरवला की एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो मी त्याच दिवशी भरला आणि मग चहा झाला.

आम्ही मूळचे लातूरकडचे. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस आहे आणि भरे गावाच्या कडेला दोन गुंठ्यांत घर बांधून अठरा वर्षं राहतो आहे. घरामागची भिंत संपली की भाताची खाचरं सुरू होतात. आमच्या गावाकडे पाणी दिसायचं ते टँकरच्या पाइपातून पडताना, तेही रांगेत उभं राहून. इथं जुलै उजाडला की पाणी आमच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहतं. खाचर चिखलून, पाणी भरून तयार झालं की त्यात ढग दिसतात, आणि सकाळी दात घासत खिडकीशी उभं राहिलं की कळत नाही की घर जमिनीवर आहे की कुठंतरी मधेच अडकलंय. अठरा वर्षांत या देखाव्याची मला सवय झालेली नाही. दरवर्षी महिनाभर मी ऑफिसला पाच-दहा मिनिटं उशिरा जातो. रजिस्टरवर तशी नोंद आहे.

मुलीलाही ती खिडकी आवडली. चहाचा कप घेऊन ती खाली यायची आणि माझ्याशेजारी उभी राहायची. हिंदी ती वर्षभर शिकली होती, मराठी चार शब्द. माझं इंग्रजी कारखान्याच्या पत्रव्यवहाराइतकं. तेवढ्यात आमचं भागायचं. ती मला ‘काका’ म्हणायची आणि प्रत्येक वेळी ‘का’ जरा लांबवायची, त्यामुळे हाक नदीपलीकडून येते आहे असं वाटायचं.

तिच्या आईवडिलांचं नदीकाठच्या एका शहरात मोबाइलच्या सामानाचं दुकान. आजोबांचं भाताचं शेत होतं, ते विकलं गेलं आणि आता त्यावर बुटांचा कारखाना आहे. आईनं तिला कधी शेतात पाऊल टाकू दिलं नाही. शिकायचं, एवढंच सांगितलं. ती शिकत शिकत इतकी लांब गेली की जिथं वर्षातले पाच महिने बर्फ पडतं तिथं पोचली. विद्यापीठात चार जणांत मिळून एक खोली, तिला खिडकी नाही. पहिलं वर्ष नुसतं गणितात गेलं. म्हणाली, “काका, त्या गणितात एक माणूस असतो. त्याला काय हवं ते त्याला नेमकं ठाऊक असतं. त्याला आई नसते, शेजारी नसतात. मी वर्षभर रोज त्या माणसाबरोबर राहिले.” परीक्षेच्या काळात तो माणूस तिच्या स्वप्नात यायचा. बर्फात उभा राहून तिला भाव विचारायचा. ती हसत सांगत होती, पण मला तो माणूस दिसला. पांढऱ्या मैदानात, हातात पिशवी घेऊन.

तिचं काम काय होतं ते मी नीट विचारून घेतलं, कारण घरातलं माणूस दिवसभर काय करतं हे मला माहीत असावं लागतं. या भागात कारखाने आले, बंगले आले, मजुरीचे दर वाढले. अशा वेळी लहान शेतकरी भातलावणीसाठी माणसं आणतो कुठून आणि त्यांना देतो काय, हा तिचा प्रश्न. घरोघर जाऊन विचारायचं, तक्ता भरायचा आणि सप्टेंबरात तो तक्ता तिथल्या प्राध्यापकांच्या समितीपुढे ठेवायचा. समितीनं मान डोलावली तर पुढची दोन वर्षं प्रबंध. नाही डोलावली तर एम.ए.ची पदवी हातात देऊन निरोप. आणि व्हिसा शिक्षणाचा, त्यामुळे शिक्षण संपलं की देशही सोडायचा. “मग मी आईच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकीन,” ती म्हणाली. त्यात वाईट काही नाही असं मी म्हणालो. “नाही,” ती म्हणाली, “पण आई मला दुकानात घेणार नाही. तिनं तसं सांगून ठेवलंय.”

दुभाषी म्हणून पुण्याची एक कॉलेजातली मुलगी ठेवली होती. तिला आठवड्यात आयटी पार्कात नोकरी लागली. मग माझी पत्नी म्हणाली, “मी जाते हिच्याबरोबर. घरी बसून मालिकाच बघते मी.” अशी ती दुभाषी झाली. दुपारी दोघी स्कूटरवर निघायच्या, पत्नी पुढे, मुलगी मागे छत्री धरून. संध्याकाळी ओल्या होऊन परत यायच्या, आणि पत्नीकडे त्या दिवसाच्या घरांतल्या बातम्या असायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा बैल पाय धरतो. मुलीकडे मात्र आकडे असायचे.

चाळीसेक घरं झाल्यावर एका संध्याकाळी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. “काका, तुम्ही हिशेब बघता. यात चूक कुठं आहे?”

मी चष्मा लावून ओळीनं बघितलं. गेल्या हंगामाचं बियाणं, खत, चिखलणीच्या ट्रॅक्टरचं भाडं, सगळीकडे रकमा होत्या आणि त्या पटण्यासारख्या होत्या. लावणीला लावलेले मजूर : शून्य. दिलेली मजुरी : शून्य. खाली दुसरं घर, शून्य. तिसरं, शून्य. पानं सरकवत गेलो. शून्यांची एक उभी रांग पावसाच्या धारेसारखी खालपर्यंत गेली होती.

“हे खोटं नाही,” मी म्हणालो. “खोटं सांगणारी माणसं वेगवेगळं खोटं सांगतात. एकसारखा आकडा आला की तो खरा असतो.”

“मग भात कोण लावतं?”

अठरा वर्षं मी त्या भिंतीपलीकडे वाकलेल्या बायका बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांना रोजावर धरत होतो. आमच्या लातूरकडे खुरपायला बाई येते ती रोजानं येते, संध्याकाळी पैसे घेते आणि जाते. पत्नीही दारोदार तेच विचारत होती, रोजानं किती बायका लावल्या. आमच्या डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता.

“तक्त्याप्रमाणे,” मुलगी म्हणाली, “रोपं रात्री उठतात आणि आपली आपण चालत खाचरात जातात.”

त्यानंतर काही दिवस मला ते दिसत राहिलं. ऑफिसात व्हाउचर तपासताना, जेवणाच्या सुट्टीत. हिरवी, वीतभर उंचीची रोपं, रांगेनं बांधावरून निघालेली, एकामागून एक पाण्यात उतरणारी. कुणी हाकत नाही, कुणी मोजत नाही. असं काही मनात येणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या पावसात आकडेही जरा ओले झाले होते.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. शून्यं बघून ते म्हणाले, एकतर घरं चुकीची निवडली आहेत किंवा प्रश्न चुकला आहे. जुलै संपेपर्यंत बघ, नाहीतर परत ये आणि तयार सरकारी आकडेवारीवर काहीतरी कर. ती हे सांगत होती तेव्हा शांत होती. फक्त हातातलं बिस्किट चहात इतका वेळ धरून राहिली की ते विरघळून गेलं.

आमच्या भिंतीला लागून जे खाचर आहे ते एका ताईंचं. वय पन्नाशीचं. नवरा कासार आंबोलीला एका बंगल्यावर वॉचमन, मुलगा कंपनीत शिफ्टमध्ये, घरी सून. त्यांच्याकडे लावणी सुरू झाली तो रविवार होता, म्हणून मी घरी होतो. नऊ बायका रांगेनं वाकलेल्या, पाठीवर निळं-पिवळं मेणकापड बांधलेलं. वरून ढग इतके खाली आले होते की बायका ढगातच रोपं खोचताहेत असं वाटत होतं. पत्नी छत्री घेऊन भिंतीशी गेली आणि तिनं पुन्हा विचारलं. दोनदा आधी विचारून झालं होतं.

“ताई, रोजानं किती बायका लावल्यात म्हणायचं?”

“आगं बाई, किती येळा इचारशील? येकबी न्हाई म्हनलं ना. लिवून घे आनि वर गिरव.”

“मग या नऊ जणी कोण?”

ताई सरळ उभ्या राहिल्या. “ह्या? ही माजी जाऊ. ही खालच्या आळीची. ह्या मजूर हायेत व्हय?”

खालच्या आळीची बाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, “मजूर म्हन्ती मला! माजा ल्योक सुपरवायझर हाय, म्हनावं.” सगळी रांग हसली. हसण्यानं पाण्यावरचे ढग हलले.

मुलगी भिंतीशी उभी होती. तिला शब्द कळले नव्हते, पण हसणं कळलं. ताईंनी तिच्याकडे हनुवटी केली. “वैनी, हिला लावाया येतं का इचार. भाताच्याच मुलखातली हाय म्हन्त्यात. माजी सून म्हायेरी गेलीया, येक मानूस कमी हाय. नुसतं इचारत बसन्यापरीस वाक म्हनावं.”

पत्नीनं सांगितलं. मुलीनं चपला भिंतीवर ठेवल्या आणि पलीकडे उतरली. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेली, आणि तिच्या तोंडून तिच्या भाषेतलं काहीतरी निघालं. कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली.

तिला येत नव्हतं. आईनं खरंच कधी शेतात उतरू दिलं नव्हतं. रोपाची जुडी डाव्या हातात, त्यातल्या तीन-चार काड्या उजव्या हातानं काढायची आणि बोटानं चिखलात खोचायची, इतकंच काम. पण तिची काडी सुटून पाण्यावर तरंगायची.

“आगं, ही रांग हाय का गांडूळ?”

“ऱ्हाऊंदे. भाताला कुटं दिसतंय!”

“चिनी रांग हाय ती,” कुणीतरी म्हणालं.

“व्हिएतनाम!” मुलगी तोंड वर करून म्हणाली.

“बरं बाई, त्ये. पन सरळ लाव.”

दुपारी मी चहाची किटली घेऊन बांधावर गेलो. भाकरी, सुकटाची चटणी आणि वाटाण्याची उसळ ताईंच्या घरून आली होती. मुलगी त्यांच्यामध्ये बसून जेवत होती. कोपरापर्यंत चिखल, केसात गवताची काडी. इतके दिवस तिच्या चेहऱ्यावर जे काहीतरी ताणलेलं होतं ते गेलेलं दिसलं. नंतर तिनं मला सांगितलं की वाकल्यावर फक्त आपले हात आणि आकाश दिसतं, आणि हात आकाशात बुडवून आपण काहीतरी पेरत असतो. तास-दोन तासांनी तिला आपण कोणत्या देशात आहोत तेच आठवेना, आणि बर्फातला तो माणूसही.

संध्याकाळी पाय धुताना तिनं पत्नीला विचारायला लावलं, आजची मजुरी किती झाली? नोंदीसाठी.

खालच्या आळीची बाई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. ताई म्हणाल्या, “मजुरी कसली? सावड हाय ही. आज ह्या माज्याकडं, उद्या मी हिच्याकडं, परवा आमी दोगी तिच्याकडं. दिसाला दिस. पैशे कोन देतंय?”

अठरा वर्षं त्या भिंतीपलीकडे चाललेल्या गोष्टीचं नाव मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघतच होतो, तर ताई फाटकात.

“वैनी, पोरीला हाक मारा. काल तिनं माज्याकडं दिस भरला. त्यो फेडायचाय. वावर कुटं हाय तिचं?”

पत्नी म्हणाली, “ताई, तिचं कुठलं वावर? आमच्या कुंडीतली कोथिंबीर खुरपा हवं तर.”

“ती कोथमीर तुमची. तिची न्हाई.”

मुलीला सांगितल्यावर तिनं थोडा विचार केला आणि सरळ उत्तर दिलं. आजोबांचं शेत होतं, आता तिथं बुटांचा कारखाना आहे.

“किती लांब?”

“विमानानं दिवसभर.”

“मंग आमी काय येत न्हाई बया,” ताई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. दिवस परत न करता उठायची त्यांची तयारी दिसेना. मुलीनं सुचवलं, मग तुम्ही माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, दिवसभर बसून. ताईंना ते अजिबात पटलं नाही. “बोलायला दिस लागतोय व्हय? बोलनं काय काम हाय? त्ये तू कवाबी इचार.” मी घड्याळ बघितलं. उशीर होणार हे ठरलंच होतं, म्हणून डबा खाली ठेवला.

शेवटी ताईंनीच तोड काढली. मुलीला अजून कोणत्या घरांत जायचं आहे ते विचारलं. वरच्या वाडीतली बरीच घरं राहिली होती. तिथं दोनदा दार उघडलं नव्हतं, कारण हातात कागद घेऊन येणारं माणूस म्हणजे जमिनीचा एजंट, असा तिकडचा अनुभव. “मंग त्या घरला मी लावाया जाते,” ताई म्हणाल्या. “तुज्या नावचा दिस तितं भरते. मंग त्ये तुज्याकडं दिस लागत्याल. त्येंच्याशी बोल, त्येंच्यात लाव, काय करायचं त्ये कर.”

अशी ती सावडीत शिरली. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे आमच्या घरात सगळंच जरा पाण्याखाली असल्यासारखं होतं. मुलगी सकाळी धुक्यात निघून जायची. दुपारपर्यंत लावणी, मग बांधावर बसून बोलणं. पत्नी आधी छत्रीखाली बसून दुभाषीपण करायची, मग एक दिवस तीही खाली उतरली आणि मला न सांगता उतरतच राहिली. अंगणातल्या तारेवर दोघींचे चिखलाचे कपडे, वाळता वाळत नसत. रोपाचा हिरवट वास जिन्यापर्यंत यायचा.

प्रश्न आता बदलला होता. मजूर किती, हे तिनं खोडलं. तुमच्या खाचरात कोण कोण आलं आणि तुम्ही कुणाकुणाकडे गेलात, एवढंच विचारायची. त्याला शून्य असं उत्तर कुणीच दिलं नाही. लोक थांबेचनात. तिनं वरच्या खोलीच्या भिंतीवर मोठा कागद लावला. घर म्हणजे ठिपका आणि दिवस म्हणजे रेघ. दर संध्याकाळी रेघा वाढायच्या. रविवारी मी त्यापुढे खुर्ची टाकून बसायचो आणि माझ्या सवयीप्रमाणे दिलेले आणि घेतलेले दिवस ताडून बघायचो. बहुतेक घरांचं जमायचं. जिथं जमत नव्हतं तिथं काहीतरी घडलेलं असायचं. एका घरी माणूस गेलं होतं, एका घरी लग्न होतं. एका ठिपक्याकडून रेघा नुसत्या बाहेर जात होत्या, आत एकही नव्हती. मला वाटलं, नोंद चुकली.

“चुकली नाही,” पत्नी म्हणाली. “त्यांनी जमीन बंगलेवाल्यांना विकली. पण बाई लावायला जाते. म्हणाली, जुलैत घरी बसवत नाही.”

“मग तिचा दिवस कुणी फेडत नाही?”

“तिच्या नातीच्या बारशाला अख्खी वाडी राबली म्हणे. स्वयंपाक, भांडी, सगळं.”

मुलीनं त्या ठिपक्याभोवती पेन्सिलीनं एक गोल काढला. मग म्हणाली, “काका, हाच माझा प्रबंध आहे.” त्या दिवसांत एकदा आम्ही तिघं कामासाठी पुण्याला जाऊन परत येत होतो. महाळुंगेचे नवे टॉवर पावसात धूसर उभे होते, नांगर टाकलेल्या जहाजांसारखे, आणि खिडक्यांत दिवे लागत होते. ती काचेला नाक लावून बघत होती. “इतकी घरं,” म्हणाली. “इथं कुणाचा दिवस कुणाकडे आहे?” मला तेव्हा आमच्या घराचा ठिपका आठवला. अठरा वर्षांत त्यातून माझी एकही रेघ निघाली नव्हती. मी गाडी चालवत राहिलो.

जुलैच्या शेवटी तिला व्हिसाच्या कागदांसाठी सलग दोन दिवस पुण्याला जावं लागलं. नेमके तेच दोन दिवस वरच्या वाडीत तिचं नाव धरलेलं होतं, आणि तिथं शेवटची खाचरं राहिली होती. तिच्या जागी माहेरून परतलेली ताईंची सून गेली. रेघ लागली ती ताईंच्या घरून. ते दोन दिवस मुलीकडून ताईंना परत जायला हवे होते, पण तोवर लावणी संपली. खाचरं हिरवी झाली, वाकायला जागाच उरली नाही.

प्राध्यापकांना तिनं नवा तक्ता आणि भिंतीवरच्या कागदाचा फोटो पाठवला होता. पहिला कॉल बरा झाला नाही. दिवसाचा बाजारभाव काय, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. दुसऱ्या कॉलच्या वेळी वीज गेली म्हणून ती फोन घेऊन आमच्या मागच्या भिंतीशी उभी राहिली आणि बोलता बोलता फोन खाचराकडे वळवला. काय झालं कोण जाणे, पलीकडच्या गृहस्थांनी भावाचा विषय सोडला. मग त्यांनी विचारलं, हे सगळं किती जणींनी लावलं? तिनं नऊ म्हणून सांगितलं. आणि दहावी मी, असं म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटी ती निघाली. आदल्या दिवशी पाकीट घेऊन ताईंकडे गेली होती. दोन दिवसांचा जो रोज चालू होता त्याच्या दुप्पट रक्कम होती. ताईंनी पाकिटाला हात लावला नाही.

“पैशे काय करू? लावनीच्या दिसात पैशानं बाई मिळती व्हय? दिस दे. औंदा न्हाई जमलं तर फुडल्या सालाला दे. मी काय पळून चाललीय का?”

“फुडल्या सालाला येते,” मुलगी म्हणाली. एव्हाना तिचं मराठी इथलंच झालं होतं. ताईंनी तिला तांदळाची एक पिशवी दिली आणि विमानात सांडू नको म्हणून बजावलं.

सप्टेंबरात तिचा निरोप आला. समितीनं मान डोलावली होती, एक सभासद सोडून. त्याला अजूनही दिवसाचा भाव हवा होता. तरी बहुमत झालं. दोन वर्षं मिळाली, व्हिसा राहिला. आई दुकानात गिऱ्हाइकांना पत्नीनं काढलेला मुलीचा बांधावरचा फोटो दाखवते, असंही लिहिलं होतं. म्हणजे चिखलातला. आईला तो आवडेल असं मुलीला वाटलं नव्हतं.

पुढचा जून आला, आणि तिचं येणं जमेना. उन्हाळ्यात तिला तिथं शिकवायचं होतं, नाहीतर विद्यावेतन बंद होणार होतं. तिनं मला लांबलचक मेसेज केला. ताईंना काय सांगायचं, पैसे पाठवू का, एखादी बाई रोजानं लावता येईल का. मी तो पत्नीला वाचून दाखवला. पत्नी पोळ्या लाटत होती.

“तिला लिहा, काही पाठवू नकोस,” ती म्हणाली. “आणि तुमची ती जुनी पँट काढून ठेवा.”

ताईंच्या खाचरात लावणी निघाली तो पुन्हा रविवार होता. आम्ही दोघं भिंतीवरून उतरलो. पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदाच त्या खिडकीतल्या पाण्यात उभा होतो. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं आणि चिखल पायाला धरून ठेवत होता, जाऊ देत नव्हता. वाकल्यावर खरंच फक्त आपले हात दिसतात. माझ्या हातांखालून एक ढग सावकाश सरकत गेला आणि मी त्यात काडी खोचली. ती उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी पुढची खोचायची विसरलो.

“सायेब, येकेक काडी मोजू नका. हात चालवा.”

“मोजत्यात व्हय? अन् व्हाउचर कवा करनार?” खालच्या आळीची बाई म्हणाली.

दुपारनंतर माझी कंबर धरली. मी बांधावर बसलो आणि तिथंच मला झोप लागली, उघड्यावर, पावसाच्या बारीक तुषारांत. जागा झालो तेव्हा सगळं खाचर हिरवं झालेलं होतं आणि माझ्यावर कुणीतरी मेणकापड टाकलेलं होतं. ते रोपांनी आपलं आपण केलं असावं असं अर्धवट झोपेत मला वाटलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी ताईंनी हिशेब सांगितला. मुलीच्या नावचे दोन दिवस होते. पत्नीचा दिवस त्यांनी पूर्ण धरला. माझा अर्धा.

“झोपल्याला मी धरत न्हाई,” त्या म्हणाल्या. ते रास्तच होतं.

राहिलेला अर्धा दिवस पुढच्या रविवारी त्यांच्या वरच्या खाचरात, सकाळपासून जेवणापर्यंत, न बसता मी भरला. एकूण दोन दिवस, ताईंना पोचले.